के-५ की डोरा? रेल्वे तोफेचं मॉडेल निवडताना

१:७२ प्रमाणात (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढी) दुसऱ्या महायुद्धातली जर्मन रेल्वे तोफ, म्हणजे रुळांवरची अजस्र तोफ, बांधायची ठरली की प्रश्न बहुधा के-५ आणि डोरा या दोघींपाशी येऊन थांबतो. मी दोन्ही बांधल्या आहेत. जुन्या फोटोत त्या ओळखायच्या तर नळीपेक्षा खालचे रूळ बघावेत. एकाच मार्गावर सहा-सहा आसांच्या दोन बोग्या (म्हणजे डबे नव्हेत, तोफेखालचे चाकांचे गाडे) दिसल्या तर ती के-५. शेजारी-शेजारी दोन मार्ग आणि त्यांवर मिळून ८० चाकं, तर डोरा.

भव्यतेत डोराला तोड नाही. ८० सेंटिमीटर व्यासाची नळी, सात टनांचा चिलखतभेदी गोळा, जून १९४२ मधला क्रिमियातल्या सेवास्तोपोलवरचा मारा. मॉडेलही दोन फुटांहून लांब होतं. घरी येणाऱ्याची नजर आधी तिच्यावरच जाते.

घोडं पेंड खातं ते वळणावर. डोराची नळी डावीउजवीकडे वळत नसे. नेम धरायला अख्खी तोफ वळणाच्या रुळांवर पुढेमागे सरकवायची. त्यामुळे सरळ रुळांवर मारा करणारी डोरा मला बघवत नाही. वळण घ्यायचं तर चार रूळ, चौघांची त्रिज्या वेगळी, आणि ८० च्या ८० चाकं टेकलेली हवीत. पावसाळ्यात प्लायवुडचा पाया जरासा फुगला की एका कडेची चाकं अधांतरी! खालून पट्ट्या मारल्या, पाया रंगवून बंद केला, तरी जुलैत पुन्हा तेच.

के-५ ची नळीसुद्धा जेमतेम अंशभर वळे, पण तिच्यासाठी अख्खी तोफ फिरवणारा मंच होता. देखाव्यात तो दाखवला की वळणाची कटकटच संपते. शिवाय ती सुटी न करता, जशीच्या तशी प्रवास करायची. इंजिनामागे जोडा, नाहीतर १९४४ च्या इटलीतल्या अँझिओसारखी बोगद्याच्या तोंडाशी उभी करा, दोन्ही शोभतं. डोरा सुट्या भागांत यायची आणि जागेवर क्रेननं उभारली जायची. के-५ च्या दोन तोफा आजही शाबूत आहेत, एक अमेरिकेत व्हर्जिनियात, दुसरी फ्रान्समध्ये ओदँगेनला. शिड्या, कठडे, रिव्हेटं यांचे जवळून काढलेले फोटो मिळतात. डोरा उरलेलीच नाही.

कोरडी हवा, मोठं टेबल आणि सवड असेल त्यानं डोरा जरूर घ्यावी. तिचा थाट निराळाच. पहिलीच रेल्वे तोफ असेल तर मात्र मी के-५ सुचवेन, आणि पायाला प्लायवुडऐवजी जाड अ‍ॅक्रिलिक.