फुकटचा उतारा आणि ती चांदणी : आठ महिन्यांनंतर

परवा गावच्या वाचनालयातला प्रिंटर बसला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा जमिनीच्या उताऱ्यासाठी खानापूर (कर्नाटकातलं, बेळगावकडचं) गाठावं लागलं. बसभाडं, चहा, वर सायबरवाल्याचे तीस रुपये. इतके दिवस किती सुखात होतो ते तेव्हा कळलं. (पाटीवर नाव ‘अरिवु केंद्र’ आहे, आम्ही वाचनालयच म्हणतो.)

उताऱ्याची साइट इकडे कुणाला समजावून सांगायला नको. जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्यातला गावांचा गट), गाव, सर्व्हे नंबर, इथवर ठीक. मग येतो ‘सरनोक’, सर्व्हे नंबरापुढचा आणखी एक रकाना. आमच्या नंबरला त्या रकान्यात नुसती एक चांदणी (*). दुसरा पर्याय नाही, तरी ती आपणच निवडायची, नाहीतर हिस्सा नंबर उघडत नाही. पहिले दोन आठवडे मी जमीनच गेली समजून झोपलो नव्हतो. अहो, एकच पर्याय असेल तर तुम्हीच निवडा की! दर वेळी मला ही चांदणी दाबायला लावतात, दर वेळी माझं डोकं फिरतं. साइटला किती स्टार द्यायचे विचाराल तर हाच एक.

उतारा कन्नडमधून. मी मराठी शाळेतला, अक्षरं जुळवत वाचणारा. वाचनालयातली ग्रंथपाल मुलगी म्हणाली, “मामा, हे तीन आकडे म्हणजे एकर, गुंठे, आणे. सोळा आण्यांचा गुंठा.” आमचं 2-13-8. शेवटचा आठ मी आजवर आठ गुंठे धरून चाललो होतो. निघाला अर्धा गुंठा! याच आठावरून चुलतभावाशी दोन वर्षं बोलणं बंद होतं. गणपतीत त्याच्याकडे जाऊन आलो. कारण सांगितलं नाही.

तेव्हा वाचनालयाला पैकीच्या पैकी. पीकेपीएसच्या (शेतकऱ्यांच्या कृषी पत सोसायटीच्या) कर्जाचे कागदही तिथेच काढले, सगळं फुकट.

फुकट हा शब्द मागे घेतो. घरपट्टीत रुपयामागे सहा पैसे ग्रंथालय उपकर असतो. पावती नीट बघा, मी परवाच बघितली.

माहिती अधिकाराचाही अनुभव घेतला. 2005च्या कायद्यातल्या कलम 4 प्रमाणे जनतेसाठी वाचनालय असेल तर त्याची वेळसुद्धा कचेरीने आपणहून जाहीर करायची, आणि माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करायचा. एका कचेरीला विचारलं, मराठी गावांत सूचना मराठीतून का लावत नाही? अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा इथल्या राजभाषेत चालतो, मराठीचं नाव नाही. मग हिंदीत लिहिला. कर्नाटकात दीडशे शब्दांची मर्यादा, तीही पाळली. दहा रुपये भरले. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं, मुदतीत. कन्नडमधून. तेही त्या मुलीनेच वाचून दाखवलं: ‘संबंधित विभागाकडे पाठवले आहे.’

प्रिंटर अजून बंदच. पंचायतीत कुणीतरी म्हणालं, वर्गणी काढू. मी देणार नाही. माझे सहा पैसे आधीच गेलेत.