मतपेटी की न्यायालय? आयर्लंड आणि तैवान
समलिंगी विवाहाला मान्यता देताना आयर्लंडने थेट जनतेलाच विचारलं. २२ मे २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के लोकांनी होकार दिला. परदेशी राहणारे कितीतरी आयरिश लोक केवळ मत टाकायला मायदेशी आले होते. ज्या देशात १९९३ पर्यंत समलैंगिक संबंध गुन्हा होते, तिथे हे घडलं! घटनाच बदलल्यामुळे वाद जवळजवळ मिटला.

तैवानची गोष्ट उलटीपालटी, आणि मला जास्त रंजक वाटते. तिथे मे २०१७ मध्ये घटनात्मक न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली आणि कायदा करायला दोन वर्षांची मुदत दिली. मध्येच, नोव्हेंबर २०१८ मध्ये सार्वमत झालं आणि बहुसंख्य मतदारांनी विरोधात कौल दिला. आता न्यायालयाचं ऐकायचं की लोकांचं? सरकारने नागरी संहितेला हात न लावता वेगळाच कायदा आणला. त्याच्या नावात ‘विवाह’ हा शब्दसुद्धा नाही, फक्त न्यायालयाच्या निवाड्याचा क्रमांक, ७४८! मे २०१९ मध्ये तो लागू झाला आणि तैवान आशियात पहिला ठरला. पण हक्क तुकड्यातुकड्यांनी मिळाले. जोडीदाराशी किंवा आपल्याशी रक्ताचं नातं नसलेलं मूल दोघांनी मिळून दत्तक घ्यायला २०२३ उजाडलं.

आयर्लंडची वाट देखणी खरी. पण अल्पसंख्याकांच्या हक्कांवर बहुसंख्याकांनी मत द्यावं, हे मला खटकतंच. तैवानमध्ये तेवढ्यावरच सोडलं असतं, तर लग्नं झालीच नसती.