संशोधन अनुदान शोधायचं कुठे? वर्गणीचे डेटाबेस, मोफत पोर्टल आणि मंजूर प्रकल्पांच्या याद्या

शिकवणं, उत्तरपत्रिका आणि समित्यांच्या बैठका यांतून प्राध्यापकाच्या हाती अनुदान शोधायला आठवड्याचे जेमतेम दोन-तीन तास उरतात. ते कुठे घालवायचे, एवढाच इथला प्रश्न. मार्ग ढोबळमानाने चार आहेत: विद्यापीठ वर्गणी भरतं ते डेटाबेस, निधी देणाऱ्या संस्थांची स्वतःची पोर्टलं, आधी मंजूर झालेल्या प्रकल्पांच्या याद्या, आणि ओळखीपाळखीची माणसं. माझा कल तिसऱ्या मार्गाकडे आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

वर्गणीचे डेटाबेस

पिव्हट-आरपी, स्पिन, ग्रँटफॉरवर्ड ही यातली ठळक नावं. वर्गणी बहुतेक वेळा संस्थेच्या पातळीवर भरली जाते, त्यामुळे विकत घ्यायचं की नाही हे एकट्या प्राध्यापकाच्या हातात नसतं. म्हणून आधी ग्रंथालयात किंवा संशोधन कार्यालयात विचारा. विद्यापीठ वर्षानुवर्षं पैसे भरतंय आणि विभागात कोणाला पत्ताच नाही, असं सर्रास दिसतं.

यांचा खरा फायदा पसाऱ्यात आहे. सरकारी संस्था, खासगी फाउंडेशन, विषयवार विद्वत्सभा आणि ग्रंथालयांच्या फेलोशिप, सगळं एकाच शोधात येतं. नागरिकत्व, संस्था कुठल्या देशात, पीएचडीला किती वर्षं झाली, निधी प्रवासासाठी की उपकरणांसाठी, अशा गाळण्या (फिल्टर) लावता येतात. शोध जतन केला की नव्या नोंदी मेलवर येत राहतात.

याचा उपयोग कोणाला किती, यात मात्र मोठी तफावत आहे. इतिहास, भाषा किंवा कलेचा अभ्यासक असाल तर तुमचा पैसा शंभर छोट्या ठिकाणी विखुरलेला असतो: कुठे अभिलेखागारात महिनाभर बसायची फेलोशिप, कुठे अनुवादासाठी मदत. ते एकेक करून शोधणं अशक्यच, तिथे वर्गणीचा डेटाबेस सोन्यासारखा. दोन विषयांच्या सीमेवर काम करणाऱ्यांचंही तसंच. पण प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ज्या जीवशास्त्रज्ञाला आपल्या दोन-तीन निधी संस्था पाठ आहेत, त्याला यातून नवं फारसं हाती लागत नाही. उलट ढिले कीवर्ड दिले तर इनबॉक्स तुंबतो आणि दुसऱ्या महिन्यापासून ते मेल न उघडता डिलीट होतात. शिवाय नोंद दुसऱ्याने भरलेली असते. मुदत आणि पात्रता मूळ संस्थेच्या पानावर पाहिल्याशिवाय कामाला लागू नये.

मोफत पोर्टलं

अमेरिकी केंद्र सरकारच्या अनुदानांसाठी ग्रँट्स डॉट गव्ह, युरोपीय संघासाठी फंडिंग अँड टेंडर्स पोर्टल. इथली माहिती पहिल्या हातची, त्यामुळे वाद झाला तर शेवटचा शब्द इथलाच. या पोर्टलांची सर्वांत दुर्लक्षित सोय म्हणजे अजून न उघडलेल्या योजनांची यादी. ग्रँट्स डॉट गव्हवर ‘फोरकास्टेड’ आणि युरोपीय पोर्टलवर ‘फोर्थकमिंग’ असा पर्याय असतो. कॉल, म्हणजे अर्ज मागवणारी घोषणा, उघडल्यावर हातात सहसा दोन-तीन महिनेच राहतात. सहकारी जमवायचे असतील तर ते फार कमी. युरोपचा होरायझन युरोप हा 2021 ते 2027 चा कार्यक्रम कामाचे आराखडे आगाऊ प्रसिद्ध करतो, त्यात पुढचे विषय आधीच वाचता येतात.

त्रुटी उघड आहेत. प्रत्येक पोर्टल फक्त आपल्या तिजोरीबद्दल बोलतं. ग्रँट्स डॉट गव्हवर तर रस्त्यांपासून शेतीपर्यंत सगळ्याचीच अनुदानं असतात, संशोधन हा त्यातला एक भाग. पात्रतेच्या गाळणीत उच्च शिक्षण संस्था निवडली नाही तर शोध निरुपयोगी. घड्याळाकडेही लक्ष हवं: होरायझन युरोपची संध्याकाळी पाचची मुदत ब्रसेल्सच्या वेळेनुसार असते, तर अमेरिकेतल्या एनआयएच (आरोग्य-संशोधनाला निधी देणारी) आणि एनएसएफ (मूलभूत विज्ञानाला निधी देणारी) या सरकारी संस्था अर्जदार संस्थेच्या स्थानिक वेळेनुसार पाच धरतात. शोधायला खातं लागत नाही, पण अर्ज करायला संस्थेची नोंदणी लागते आणि तिला कित्येक आठवडे जाऊ शकतात.

मंजूर प्रकल्पांच्या याद्या

वरचे दोन्ही मार्ग सांगतात की पैसे कोण देणार आहे. कोणाला आणि कशासाठी दिले, हे कळतं ते इथे. जाहिरातीत प्रत्येक संस्था ‘नावीन्यपूर्ण’ आणि ‘आंतरविद्याशाखीय’ असंच लिहिते. ती प्रत्यक्षात काय उचलते हे मंजूर प्रकल्पांचे गोषवारे वाचल्यावरच समजतं.

एनआयएचचं रिपोर्टर, एनएसएफचं अवॉर्ड सर्च, युरोपचं कॉर्डिस, ब्रिटनचं गेटवे टू रिसर्च: सगळी मोफत. रिपोर्टरमधलं मॅचमेकर हे साधन जगात कुठेही बसलेल्या आरोग्य-संशोधकाने एकदा तरी वापरून पाहावं. आपला गोषवारा त्यात चिकटवायचा, 15,000 अक्षरांपर्यंत चालतो. ते तशाच मंजूर प्रकल्पांची यादी देतं आणि ते प्रकल्प हाताळणारे प्रोग्राम अधिकारी कोण, हेही दाखवतं. एनएसएफच्या नोंदीतही अधिकाऱ्याचं नाव असतं. या नावांना एका पानाचा संकल्प-मसुदा पाठवून ‘हे तुमच्या कार्यक्रमात बसतं का?’ एवढंच विचारता येतं. उत्तर नकारार्थी आलं तरी प्रस्ताव लिहिण्याचे दोन महिने वाचले.

नोंद वाचताना रकमेपेक्षा प्रकार पाहा. एनआयएचमध्ये आर-01 म्हणजे मोठा, अनेक वर्षांचा प्रकल्प. आर-21 म्हणजे नव्या कल्पनेची चाचपणी, दोन वर्षांच्या आतला. तुमच्यासारखं काम सगळीकडे आर-21 मध्येच दिसत असेल, तर तो विषय अजून मोठ्या निधीपर्यंत पोहोचलेला नाही असा कयास बांधता येतो. अनुदान मिळवणारे सगळे ज्येष्ठ आहेत की नवखेही आहेत, एकाच देशातल्या चार संस्थांत पैसा फिरतोय का, हेही कळतं.

खासगी फाउंडेशनांचं गणित वेगळं. अनेकांच्या पानावर ‘न मागवलेले प्रस्ताव स्वीकारत नाही’ असं लिहिलेलं असतं. पण अमेरिकेतल्या खासगी फाउंडेशनांना दरवर्षी 990-पीएफ हा कर-फॉर्म भरावा लागतो, तो सार्वजनिक असतो आणि त्यात कोणाला किती दिलं याची यादी असते. 2019 मध्ये फाउंडेशन सेंटर आणि गाइडस्टार या संस्था एकत्र येऊन कँडिड ही संस्था झाली. तिचा फाउंडेशनांचा डेटाबेस याच स्वरूपाच्या माहितीवर उभा आहे. ब्रिटनमधल्या देणग्यांसाठी 360 गिव्हिंग या संस्थेचं ग्रँटनॅव्ह हे शोधसाधन आहे. आणि कुठलीच यादी नसेल तर आपल्या क्षेत्रातल्या ताज्या शोधनिबंधांच्या शेवटी निधी कोणी दिला हे सांगणारी आभाराची ओळ वाचायची. वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांच्या डेटाबेसमध्ये 2008 पासून ही माहिती शोधता येते.

या मार्गाचा मोठा दोष असा की नाकारलेले प्रस्ताव कुठेच दिसत नाहीत. दहा मंजूर गोषवारे वाचून आपलाही नंबर लागेल असं वाटू लागतं, आणि तसेच नव्वद परत गेले असतील तर कळायला मार्ग नाही. शिवाय यादी कालची असते. सरकार किंवा फाउंडेशनचा संचालक बदलला की प्राधान्यक्रमही बदलतो.

माणसं

याबद्दल थोडक्यात. काही योजनांमध्ये एका विद्यापीठाकडून एक किंवा दोनच अर्ज चालतात. मग अर्ज कोणाचा जाणार हे आतल्या आत ठरतं, बाहेरच्या मुदतीच्या कितीतरी आधी. हे फक्त संशोधन कार्यालयातून कळतं. आणि निधी संस्थेने परीक्षक म्हणून बोलावलं तर जावं. निवड समिती कशावरून भांडते, हे कुठल्याच डेटाबेसमध्ये मिळत नाही.

कोणी काय निवडावं

नव्याने रुजू झालेल्यांनी आधी वयाची नव्हे, पीएचडीनंतरच्या वर्षांची अट असलेल्या योजना पाहाव्यात. युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या स्टार्टिंग ग्रँटची पात्रता पीएचडीपासून मोजतात. 1989 मध्ये सुरू झालेल्या, जीवविज्ञानाला निधी देणाऱ्या ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅममध्ये नवख्या गटांसाठी वेगळा प्रकार आहे. गटप्रमुखाची प्रयोगशाळा सदस्य देशात असावी लागते, सहकारी मात्र कुठल्याही देशातले चालतात. अशी दारं एकदा बंद झाली की पुन्हा उघडत नाहीत, त्यामुळे त्यांच्या तारखा कॅलेंडरवर आधी टाकायच्या. यासाठी पोर्टल किंवा वर्गणीचा डेटाबेस, जे हाताशी असेल ते चालेल.

विषय पक्का असलेल्या विज्ञानाच्या प्राध्यापकाने वेळेचा मोठा वाटा मंजूर याद्यांना द्यावा आणि पोर्टलवर दोन नेमके अलर्ट लावून मोकळं व्हावं. मानव्यविद्येतल्यांनी हेच प्रमाण उलटं करावं. संस्थेकडे वर्गणी नसेल तर ती घ्यावी म्हणून वर्षभर पत्रव्यवहार करण्यापेक्षा, मोठ्या विद्यापीठांची संशोधन कार्यालयं निधीच्या याद्या आपल्या पानावर खुल्या ठेवतात, त्या धुंडाळाव्यात.

मेलमध्ये आपणहून चालत आलेलं आमंत्रण, ज्यात ‘प्रक्रिया शुल्क’ भरायला सांगितलंय, ते या चारही मार्गांत बसत नाही. ग्रँट्स डॉट गव्हवर शोधायला आणि अर्ज करायला एक पैसाही लागत नाही. सरकारी अनुदान सोडवून देण्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर तो मेल संशोधन कार्यालयाकडे पुढे पाठवावा, म्हणजे शेजारच्या विभागातलं कोणी फसणार नाही.