निविदा लिहून देणाऱ्या सल्लागाराने १,९२,८०० रुपयांना फसवले

शाळांना लोखंडी बाके पुरवण्याच्या सरकारी निविदेत भाग घ्यायचा म्हणून मी एका निविदा सल्लागाराला एकूण १,९२,८०० रुपये दिले. काम मिळाले नाही, पैसे परत आले नाहीत आणि वर माझ्याच उद्योगाला काळ्या यादीत का टाकू नये अशी कारणे दाखवा नोटीस हातात पडली आहे. हे चारचौघांत सांगायची लाज वाटते, कारण माणूस फसला की लोक आधी त्यालाच शहाणपण शिकवतात. परंतु हाच मनुष्य आजही नव्या लघुउद्योजकांना फोन करतो आहे, म्हणून लिहिणे भाग आहे.

रकमा अशा : निविदा तयार करण्याचे ३५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ४१,३००, पोर्टलवरील नोंदणी आणि डिजिटल स्वाक्षरीचे ६,५००, निविदापूर्व बैठकीला माणूस पाठवण्याचे व पाठपुराव्याचे २५,०००, आणि बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत ठेवायची परत मिळणारी अनामत (ईएमडी), १,२०,०००. निविदा ६० लाखांची होती आणि बयाणा दोन टक्के होता, त्यामुळे आकड्यात संशय घेण्यासारखे काहीच नव्हते. बिलावरचा जीएसटी क्रमांकही महाराष्ट्राच्या २७ या संकेतांकानेच सुरू होत होता. तो अस्तित्वातच नाही, हे जीएसटीच्या संकेतस्थळावर शोधल्यावर फार उशिरा कळले. बिल हाती पडताच तो क्रमांक तिथे टाकून पाहा. त्याला पैसे लागत नाहीत.

त्याचे सगळे बोलणे भाषेभोवती फिरत असे. ‘साहेब, माल सगळ्यांचा सारखाच असतो, समितीला पटवते ती मांडणी,’ असे तो म्हणे आणि रंगीत मुखपृष्ठांचे जुने प्रस्ताव दाखवी. मालपुरवठ्याच्या साध्या निविदेत तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे दर सोडून बाकी कागदपत्रांच्या भागात, पात्र की अपात्र एवढेच ठरते आणि पुढे सर्वांत कमी दर असणाऱ्याला काम जाते. लेखी प्रस्तावाला गुण फक्त तिथेच असतात, जिथे तशी गुणपद्धत निविदेत छापलेली असते. खरी पटवून देणारी निविदा म्हणजे प्रत्येक अटीसमोर आपले उत्तर, त्याचा पुरावा आणि तो पुरावा कोणत्या पानावर आहे याचा क्रमांक. पत्र्याची जाडी १.२ मिलिमीटर मागितली असेल तर तपासणी अहवालात तोच आकडा दिसला पाहिजे. ‘उच्च प्रतीचा पत्रा’ या शब्दांनी काहीही सिद्ध होत नाही. हे मला आता एका निवृत्त खरेदी अधिकाऱ्याने समजावून सांगितले. पहिल्यांदा निविदा भरणाऱ्या कारखानदाराला ते आधी कोण सांगणार?

ज्या क्षणी मला थांबायला हवे होते, तो क्षण अजून डोळ्यांसमोरून जात नाही. मुदत संपायला थोडाच अवधी उरला असताना त्याने बयाण्याची रक्कम स्वतःच्या खात्यात मागितली. मी विचारलेही होते, की ती पोर्टलवरून थेट भरायची असते ना? त्यावर त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, की शेवटच्या दिवशी पोर्टल अडकते, पैसे मध्येच लटकले तर निविदाच बाद होते, म्हणून आम्ही आमच्या खात्यातून भरतो आणि परतावा आला की तुमच्याकडे वळता करतो. पोर्टल अडकते हे खोटे नाही, ते सर्वांनाच माहीत आहे, आणि म्हणूनच ते उत्तर खरे वाटले. संध्याकाळी व्यवहार क्रमांक आणि शिक्का असलेली पावतीही आली. अशा पावतीवर कोणीही विश्वास ठेवला असता. परंतु त्याच निविदेत, देयकाच्या अटींच्या खाली, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना बयाण्यातून सूट असल्याचे स्पष्ट छापले होते. माझी उद्यम नोंदणी आहे, ती त्यानेच माझ्याकडून मागून घेतली होती, आणि मला मात्र ते पान त्याने कधी दाखवलेच नाही. छापील प्रत ‘तपासणीसाठी’ स्वतःकडे ठेवली होती.

पुढे उलगडले ते असे, की त्याने माझ्या नावाने सूट घेतली, एक रुपयाही भरला नाही आणि १,२०,००० खिशात घातले. मी कार्यालयात परताव्याची चौकशी करायला गेलो, तेव्हा लिपिकाने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. बयाण्याच्या रकान्यात ‘सूट’ असे लिहिले होते आणि खाली माझेच उद्यम प्रमाणपत्र जोडलेले होते. पावती बनावट होती. तांत्रिक प्रस्तावात एका पानाच्या तळाशी भलत्याच कंपनीचे नाव तसेच राहिले होते, आणि आम्ही कधीही न केलेल्या कामाचे अनुभव प्रमाणपत्र जोडलेले होते. नोटीस त्याच प्रमाणपत्राबद्दल आहे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन (ती ज्यात साठवलेली असते ते यूएसबी उपकरण) आणि पिन त्याच्याकडे होते, कारण निविदा तोच अपलोड करणार होता आणि या धंद्यात बहुतेक सल्लागार तसेच करतात. टोकन कोणाच्याही हाती देऊ नका, सल्लागाराला तुमच्यासमोर बसून अपलोड करायला सांगा.

कार्यालयाचे म्हणणे एकच : स्वाक्षरी तुमची, जबाबदारी तुमची. मी बनावट पावती, बँकेचा उतारा, सल्लागाराचे संदेश असे सगळे समोर ठेवले, तरी ते पाहण्याची तसदीही कोणी घेतली नाही. पोलीस ठाण्यात अर्ज वाचायच्या आधीच ‘हा दिवाणी वाद आहे’ असे ऐकवले गेले. बनावट पावती हा दिवाणी वाद कसा, याचे उत्तर मिळाले नाही. उलट ‘तुम्ही शिकलेले आहात, पैसे कसे दिलेत?’ असा प्रश्न माझ्यावरच आला. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तोवर रक्कम त्या खात्यातून निघून गेली होती; तिथून ठाण्यात जा असे सांगितले आणि ठाण्याने पुन्हा सायबरकडे बोट दाखवले. ग्राहक आयोगाचा मार्ग विचारला तर व्यापारी हेतूने घेतलेली सेवा म्हणून कायद्याच्या व्याख्येतूनच बाहेर जाल, असा इशारा मिळाला. म्हणजे लहान उद्योजकाने पैसा बुडाला की जायचे कुठे? मोठ्या कंपन्यांकडे वकिलांची फौज असते. आम्हाला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे ढकलण्यात यंत्रणेला काहीच वाटत नाही, आणि त्या ढकलाढकलीतच चोराला वेळ मिळतो.

शेवटी एका वकिलांच्या सांगण्यावरून भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८(४) चा उल्लेख करून लेखी तक्रार केली, आणि ठाण्याने नोंद न घेतल्यामुळे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली ती पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवली. ज्यांना ठाण्यातून परत पाठवले आहे त्यांनी हा मार्ग सोडू नये, आणि पोचपावती जपून ठेवावी.

उद्यम नोंदणी मोफत आहे, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर विक्रेता म्हणून नोंदणीलाही शुल्क नाही. त्यासाठी पैसे मागणाऱ्याला तिथेच रामराम करा. उलाढालीचे प्रमाणपत्र सल्लागाराकडून येत असेल तर त्यावरचा १८ अंकी यूडीआयएन, म्हणजे सनदी लेखापालाने दिलेला दस्तऐवजाचा ओळख क्रमांक, सनदी लेखापालांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. बयाणा भरायचाच असेल तर आपल्याच खात्यातून भरा, कारण परतावाही त्याच खात्यात येतो.

नोटिशीला मी सविस्तर उत्तर दिले आहे आणि सुनावणीची तारीख अजून मिळालेली नाही. ज्यांनी सल्लागाराच्या खात्यात बयाणा भरला आहे, त्यांनी निकालाची वाट न पाहता निविदा काढणाऱ्या कार्यालयाकडे आपल्या नावाने रक्कम जमा झाली आहे का, की सूट दाखवली आहे, हे आजच लेखी विचारावे.