कौलारू घर, सोलर आणि ७८ हजारांचं आमिष

दापोली तालुक्यातलं आमचं घर पणजोबांनी बांधलेलं. चिऱ्याच्या भिंती, फणसाचे वासे, वर मंगलोरी कौलं. दोन खोल्या पर्यटकांना देतो, त्यामुळे वीजजोडणी व्यावसायिक दराची. सोलर विकायला आलेल्या माणसाने हे सगळं पाहिलं, बिलाचा फोटोही काढला. तरी बाबांना म्हणाला, "काका, तीन किलोवॅट घ्या. ७८ हजारांची सबसिडी आम्ही आधीच वजा करून देतो."

घराच्या छपरावर सोलर बसवायला केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना आहे; तिची सबसिडी फक्त घरगुती जोडणीला मिळते. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार. आणि तेही काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर, थेट ग्राहकाच्या बँक खात्यात. या माणसाने आमच्या नावाने योजनेच्या पोर्टलवर अर्जच भरला नव्हता. आगाऊ रक्कम घेतली, पॅनेल चढवले आणि मग "तुमचं मीटर योजनेत बसत नाही हो" म्हणत ते ७८ हजार बिलात परत लावले.

पैशांपेक्षा मला छपराचं जास्त लागलं आहे. त्याच्या पोरांनी वाशांकडे बघितलंसुद्धा नाही. कौलांना भोकं पाडली आणि पॅनेलचा सांगाडा सरळ रिपांना, म्हणजे वाशांवरच्या बारीक पट्ट्यांना, आवळला. रीप असते कौल धरायला. तिच्यावर सहा पॅनेल, एकेक पंचवीस किलोच्या आसपास, वर लोखंडाचं वजन वेगळं. शिवाय इथला वारा पॅनेलच्या खाली शिरून त्याला वर उचलतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात उडालेली छपरं या भागात सगळ्यांनी पाहिली आहेत. पहिल्याच पावसात माजघरात धार लागली. दोन वासे भिजून काळे पडले. तसे वासे तासणारा सुतार आता शोधूनही सापडत नाही. बिलात 'गॅल्व्हनाइज्ड' (गंजू नये म्हणून जस्त चढवलेला) लिहिलेला सांगाडा म्हणजे चंदेरी रंग मारलेले साधे पाइप निघाले. खाऱ्या हवेत सांध्यांना लगेच गंज चढला.

आणखी एक थाप: "लाइट गेली तरी तुमच्याकडे चालू." सोलरचा साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीशिवाय थेट विजेच्या लाइनला जोडलेला, वीज गेली की स्वतःहून बंद होतो, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलटा करंट लागू नये. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी आणि तिच्यावरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. तो आम्हाला दिलाच नव्हता.

पॅनेल आता खाली उतरवले आहेत. मागे न्हाणीघराचा स्लॅब आहे, तिथे किंवा खळ्याच्या कडेला जमिनीवर पाया घालून ते बसवता येतील, म्हणजे जुन्या छपराला हात लावावा लागणार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. पावती, कोटेशन आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जपून ठेवलेत. तुमच्याकडे असं कोणी आलं तर आगाऊ रक्कम देण्याआधी पोर्टलवर स्वतःच्या मोबाइल नंबरने लॉगिन करा, तो विक्रेता यादीत आहे का बघा, आणि सांगाड्याचं वजन नेमकं कशावर येणार हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.