जुनं पुणं बघायचं कशात: रेखाचित्रात की फोटोत?

शनिवारवाड्यापुरता तरी हा वाद निकालात आहे. १८२८ च्या आगीत वाडा जळाला आणि फोटोग्राफीची जगात घोषणा झाली ती १८३९ मध्ये. म्हणजे आतल्या इमारती उभ्या असतानाचा फोटो मिळणं शक्यच नाही. तिथे चित्रांवर आणि लिखित वर्णनांवरच भागवायचं.

पण चित्रकार काही पंचनामा करत नव्हते. इंग्रज चित्रकार हेन्री सॉल्ट १८०४ मध्ये लॉर्ड व्हॅलेन्शिया या प्रवासी उमरावाबरोबर पुण्यात आला आणि त्याने काढलेलं पुण्याचं दृश्य १८०९ मध्ये लंडनला छापलं गेलं. मधल्या पायरीवर तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरणारा कारागीर असे आणि त्याने पुणं पाहिलेलं असेलच असं नाही. शिवाय त्या काळची फॅशन: कडेला डेरेदार झाड, पुढे दोन-चार माणसं, मागे जरा जास्तच उंच डोंगर. असं एखादं चित्र घेऊन पर्वतीच्या पायथ्याशी उभं राहा, मग डोळा आणि कागद किती जुळतात ते कळेल.

फोटो विटा मोजून देतो. कमानीचं माप, दगडांचे थर बघायचे तर मी डोळे झाकून फोटोच घेईन. मात्र १८५० च्या दशकात फोटो रसायन लावलेल्या ओल्या काचेवर घेत आणि त्या काचेला काही सेकंद उजेड लागे. चालती माणसं पुसट व्हायची, भरल्या पेठेचा रस्ता ओस दिसायचा. रंगही नाही. गजबज हवी असेल तर पुन्हा चित्राकडेच, थोडी थाप सोसून.