राहायला स्प्लिट की दुब्रोव्हनिक?

काम लॅपटॉपवरचं आहे, तर काही महिने भूमध्य समुद्राकाठी काढू, असं म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण क्रोएशियापाशी येऊन अडकतात. फोटो दुब्रोव्हनिकचे पाहिलेले असतात आणि जाणकार मात्र स्प्लिट सुचवतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: बघायला दुब्रोव्हनिक, राहायला स्प्लिट. याला एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

कागदपत्रांच्या बाबतीत दोन्हीकडे सारखंच. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशियात युरो चालतो आणि देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. त्यामुळे साध्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. त्याहून जास्त राहायचं तर २०२१ पासून मिळणारा डिजिटल नोमॅडचा परवाना. त्यात काम क्रोएशियाबाहेरच्या कंपनीचं हवं आणि उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर.

खरा फरक गावाच्या आकारात आहे. २०२१ च्या जनगणनेत स्प्लिटची वस्ती १ लाख ६० हजारांच्या घरात, तर दुब्रोव्हनिकची ४१ हजारांच्या आसपास. दोघांचा जुना भाग १९७९ साली जागतिक वारसा यादीत गेला, पण तो वारसा वापरण्याची रीत निराळी. स्प्लिटला रोमन सम्राट डायोक्लेशियनने इ.स. ३०० च्या सुमारास बांधलेल्या राजवाड्यात आजही लोक राहतात. खिडक्यांबाहेर दोरीवर चादरी वाळत असतात, तळमजल्यावर दुकानं आहेत. ख्रिश्चनांचा छळ केलेल्या या सम्राटाच्या थडग्याचंच पुढे कॅथेड्रल झालं! राजवाड्याच्या तटबंदीला लागून भाजीबाजार आहे. राजवाड्याच्या पश्चिमेला चार पावलांवर मासळीबाजार. तिथे सकाळी लवकर गेलात तर तारलीचे भाऊबंद आणि बांगड्यासारखा दिसणारा ‘स्कुशा’ मिळेल. शाकाहारी असाल तर ‘ब्लित्वा’ लक्षात ठेवा: चार्डची पालेभाजी, बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेल. हिंग आणि कढीपत्ता मात्र घरूनच न्या.

दुब्रोव्हनिकची तटबंदी जवळजवळ दोन किलोमीटरची आणि तिच्यावरून दिसणारी लाल कौलं खरोखर बघण्यासारखी. पण आतले मूळ रहिवासी बरेचसे बाहेर गेले आणि घरांच्या भाड्याच्या खोल्या झाल्या. क्रूझ जहाजांच्या गर्दीवर पालिकेला मर्यादा घालावी लागली, त्यावरूनच काय ते समजा. (गोव्याच्या वाचकांसाठी: गवंडाळीचं साओ ब्राझचं चर्च इथल्याच दर्यावर्दींशी जोडलं जातं. साओ ब्राझ, म्हणजे संत व्लाहो, हा दुब्रोव्हनिकचा ग्रामरक्षक संत.)

फिरण्याच्या बाबतीत भारतीय पासपोर्टवाल्यांनी एक गोष्ट नीट बघावी. स्प्लिटच्या धक्क्यावरून फेरीने ब्राच, ह्वार, विस ही बेटं गाठता येतात. त्रोगिर आणि सालोनाचे रोमन अवशेष लोकल बसच्या अंतरावर आहेत. सगळं क्रोएशियातच. दुब्रोव्हनिकहून लोक जातात ते कोटोरला आणि मोस्तारला, म्हणजे मॉन्टेनेग्रो आणि बोस्नियात, शेंगेनबाहेर. व्हिसा सिंगल एंट्रीचा, म्हणजे एकदाच आत येऊ देणारा असेल तर परतीची वाट बंद. दोन शहरांमधला जुना रस्ताही नेऊमपाशी बोस्नियाच्या हद्दीतून जातो. २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल झाल्यापासून ते टाळता येतं, पण तिकीट काढताना बस कुठल्या रस्त्याने जाते हे विचारून घ्या. दुब्रोव्हनिकला रेल्वे नाही. स्प्लिटहून झाग्रेबला गाडी आहे, निवांत चालणारी.

आता तो अपवाद. नोव्हेंबर ते मार्च एवढेच महिने हाताशी असतील, एकांत हवा असेल आणि सोबत कुणी असेल, तर दुब्रोव्हनिक घ्या. दगडी रस्ते मोकळे मिळतात. घर लापादला किंवा ग्रुझला बघा, तटबंदीच्या आत नको. निम्मी हॉटेलं बंद असतील, विमानं कमी असतील, ‘युगो’ नावाचा दमट वारा सुटला की भिंती ओलावतील. एकट्या माणसाला तो काळ जड जातो, हे मात्र खरं. स्प्लिटला विद्यापीठ आहे, त्यामुळे थंडीतही कॉफीची टेबलं भरलेली असतात.

घराचं गणित दोन्हीकडे उन्हाळ्यावर ठरतं. मालक सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मे-जूनपर्यंतच करार करतात, कारण पुढे तेच घर पर्यटकांना रोजच्या दराने जातं. म्हणून बारा महिन्यांचा विचार असेल तर स्प्लिटच्या जुन्या भागाचा नाद सोडा आणि पूर्वेकडच्या, समाजवादी काळात उभारलेल्या ‘स्प्लिट ३’ मधल्या उंच इमारतींत शोधा. दिसायला रुक्ष, पण बऱ्याच ठिकाणी लिफ्ट आहे आणि समुद्र चालत जाण्याइतका जवळ. मालकाला भाडं विचारण्याआधी विचारा: करार लेखी कराल का, आणि माझा पत्ता पोलिसांकडे नोंदवू द्याल का? कर चुकवण्यासाठी काही जण नाही म्हणतात. तसं असेल तर घर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या, कारण त्या नोंदीशिवाय तुमचा परवाना अडकेल.